बटण कुणी दाबायचं

वरवे बुद्रुकमध्ये शाळेच्या मागच्या गल्लीत नूतनचं घर आहे. घरात कॉम्प्युटर एक आणि प्रिंटर दोन. एक आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, पाटावर. दुसरा बाहेर ओसरीवर, बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या टेबलावर. आतल्याच्या कपाळाला रोज ताजं कुंकू. प्रिंटरला कपाळ कुठं असतं ते आपल्याला विचारू नका, भामाबाईंना ते पहिल्याच दिवशी सापडलं होतं. बाहेरच्यावर मात्र एक विटकं निळं फडकं टाकलेलं. त्याची वायर खिडकीच्या गजातून आत आलेली, आणि दोघंही एकाच कॉम्प्युटरला जोडलेले.

नवीन माणूस आला की विचारायचाच, एवढ्याशा घरगुती धंद्याला दोन प्रिंटर कशाला? जुन्या माणसांना ठाऊक होतं. लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, सत्यनारायण हे आतल्यावर. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध बाहेरच्यावर. सात-बारा, आधार कार्ड असले ना सुखाचे ना दुःखाचे कागदही बाहेरच. कॉम्प्युटरमध्येसुद्धा दोघांची नावं तशीच घातलेली होती, आतला आणि बाहेरचा. कंपनीनं दिलेली लांबलचक इंग्रजी नावं नूतनच्या पोरीनं, शेफालीनं, कधीच पुसून टाकली होती.

नूतनचा नवरा नाथा होता तेव्हा प्रिंटर एकच होता, आता ओसरीवर आहे तो. नाथा त्याच्यावर सकाळी कुणाचं लग्न छापायचा, दुपारी कुणाचं दहावं, आणि मधल्या वेळात पोरांच्या शाळेचे प्रकल्प. त्याला काही वाटायचं नाही. मग एका सकाळी तो विहिरीवरची मोटार चालू करायला गेला, स्टार्टरला हात लावला आणि तिथंच राहिला. त्याच्या आईनं, भामाबाईंनी, महिनाभर धड अन्न घेतलं नाही. महिन्यानंतर बोलल्या ते एवढंच, "त्या आटवड्यात मार्गासनीचं लगीन छापलं व्हतं त्यानं, आन् त्याच्या मागोमाग एक दहावं. एकाच तोंडातनं लगीन बी आन् मौत बी. मंग दुसरं काय व्हनार?"

पोरगा का गेला याचं काहीतरी कारण हातात असावं लागतं. वायर कुरतडलेली होती, हे कारण म्हातारीला पुरलं नाही. तिनं धाकट्या पोराच्या, हनुमंताच्या, मागं लागून नवा प्रिंटर आणवला, त्याची पूजा केली आणि जुना ओसरीवर काढला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण नव्या प्रिंटरवरची पहिली लग्नपत्रिका निघायची वेळ आली, नूतन खुर्चीत बसली, माऊसला हात लावला, आणि भामाबाई हळूच म्हणाल्या, "नूतन, तू नगं. राजीला दाबू दे."

राजी म्हणजे राजनंदिनी, हनुमंताची बायको, नूतनची धाकटी जाऊ. सवाष्ण. तिला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हापासून रीतच पडली. पत्रिका नूतन तयार करायची. गणपती कुठं, मोर कुठं, मामाचं नाव आधी की आत्याचं, पाहुण्यांचे रुसवेफुगवे कसे सांभाळायचे, सगळं तिचं. शेवटी छपाईची चौकट पडद्यावर आली, आतला प्रिंटर निवडून झाला, की ती खुर्चीतून उठायची आणि हाक मारायची. राजनंदिनी पिठाचे हात पदराला पुसत यायची, नूतननं दाखवलेल्या ठिकाणी एकदा दाबायची आणि परत भाकरीकडं जायची. नूतन तोवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. आतल्या प्रिंटरमधून कागद निघत राहायचे, तिनं सजवलेले, तिनं जुळवलेले.

राजनंदिनीला याची लाज वाटायची. एकदा भामाबाई देवळात गेल्या असताना ती म्हणाली होती, "ताई, दाबा की तुमीच. कोण बघतंय हितं?"

"नगं. दाब तू," नूतन म्हणाली.

तिला राग आला होता का? नाही. वाईट वाटलं होतं का? तेही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मुंग्या येऊन बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं वाटतं. नूतनचं सगळंच तसं झालं होतं. नाथा गेल्यापासून ती वेळेवर उठत होती, जेवत होती, गिऱ्हाइकाशी नीट बोलत होती. कुणी रडलं तर पाणी आणून देत होती. तिला विचारलं की ती "चालतंय" म्हणायची. बांगड्या काढल्या तेव्हा चालतंय, हळदी-कुंकवाला बोलावणं बंद झालं तेव्हा चालतंय, बटण राजीनं दाबायचं तेव्हाही चालतंय. घरात दोन प्रिंटर, त्यातला बाहेरचा तिच्या वाट्याचा. त्यावर ती कितीही वेळा दाबू शकत होती, तिथं तिचा हात कुणाला खुपत नव्हता.

आणि आता शेफालीचं लग्न ठरलं होतं.

मुलगा आंबवड्याचा, शिरवळच्या एका कारखान्यात कामाला, मुलगी पाहायला आला तेव्हा पोह्यांपेक्षा कॉम्प्युटरकडंच जास्त बघत होता. शेफालीला आवडला. ती भोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, बापासारखी बोलायला मोकळी. सुपारी फुटली त्याच दिवशी संध्याकाळी भांडी घासता घासता तिनं आईला विचारलं, "आई, माझी हळद तू लावशील ना?"

"सवाष्णी लावत्यात हळद," नूतन म्हणाली.

"मी तुला इचारते. पैल्यांदा तू लाव, मंग लावू दे कुनाला लावायची त्यांना."

"बघू."

"बघू न्हाई. हां म्हन न्हाईतर न्हाई म्हन."

नूतननं ताट विसळून पालथं घातलं. शेफालीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तीही घासायला लागली, जरा जास्तच जोरात. त्यानंतर तिनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा आईनं बघूच म्हटलं. पोरीला आईचा नकार चालला असता, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. या बघूला कुठून धरायचं तेच तिला कळेना.

पत्रिका छापायची तो दिवस भामाबाईंनी कॅलेंडर बघून ठरवला. पहिली पत्रिका देवाची असते. ती देव्हाऱ्यात खंडोबाच्या चांदीच्या टाकापुढं ठेवायची, मग बाकीच्या माणसांच्या. म्हणून पहिली निघताना वेळ चांगली पाहिजे. राहुकाळ लागायच्या आत काम उरकायचं असं ठरलं. आतल्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये जाड पिवळसर कागद लावून ठेवला होता. राजनंदिनीनं हळदी-कुंकवाची वाटी तयार ठेवली, पत्रिकेच्या कोपऱ्यांना बोट लावायला. भामाबाईंनी न्हाऊन नवं लुगडं नेसलं होतं. शेफाली आईच्या खुर्चीमागं उभी राहून शेवटची नजर फिरवत होती.

"तुझं नाव कुठं हाय?" तिनं विचारलं.

"हाय की. खाली."

निमंत्रकांमध्ये हनुमंत, राजनंदिनी, भामाबाई, आणि अगदी तळाला, मोराच्या शेपटीखाली, श्रीमती नूतन. शेफालीनं माऊस घेतला, ते नाव उचललं आणि पार वर नेऊन ठेवलं. नूतननं माऊस परत घेतला. तिनं छपाईची चौकट उघडली, आतला निवडला. आणि नेमका तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "हायत का घरात?"

पालीहून आनंदराव आले होते. राजगडाच्या पायथ्याला त्यांचं घर, सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्या पोरांना त्यांच्या घरी पिठलं-भाकरी मिळायची. ती करणारी त्यांची बायको बाळाबाई चार दिवसांपूर्वी गेली होती. मजकूर मुलानं मोबाईलवर पाठवला होता, पत्रिका न्यायला म्हातारा स्वतः आला होता, एसटीनं नसरापूरपर्यंत आणि पुढं चालत.

"जरा घाई हाय ताई," ते ओसरीच्या कडेला टेकत म्हणाले. "वेल्ह्याची गाडी गाठायचीया."

भामाबाईंनी आतूनच कपाळाला हात लावला. आजच्या दिवशी, आत्ता! पण दारात आलेल्या सुतकी माणसाला नंतर या म्हणायचं कसं? नूतननं लग्नाची चौकट बंद केली, दहाव्याची पत्रिका उघडली, बाहेरचा निवडला आणि दाबलं. खिडकीपलीकडं जुना प्रिंटर खाकरला आणि कामाला लागला. त्याच्यात रंग कधीच भरले जात नव्हते, काळं तेवढं होतं. दहाव्याला दुसरं लागतं काय?

"आटप गं बये," भामाबाई आतून म्हणाल्या. "राहुकाळ लागंल आता."

नूतननं लगबगीनं शेफालीची पत्रिका परत उघडली, छपाईची चौकट आणली आणि सवयीनं खुर्चीतून उठली. राजनंदिनी आधीच येऊन उभी होती. नूतन उंबऱ्यापर्यंत पोचली आणि तिच्या लक्षात आलं. हा कॉम्प्युटर शेवटी ज्याला काम दिलं त्यालाच धरून बसतो. चौकटीत आता बाहेरचा असणार. आतला निवडायचा राहिला.

तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, राजी, थांब. एक शब्द. तो तिच्या जिभेवर आला सुद्धा. आणि तिथंच बसला. सांगायचं कशाला, असं तिला वाटलं असंही नाही. मुद्दाम गप्प बसली असंही नाही. आपण उंबऱ्यात उभं राहायचं, आपलं काम झालं, पुढचं दुसऱ्यांचं, हे इतकं अंगात मुरलं होतं की तोंड उघडायचंही दुसऱ्याच कुणाचं काम असावं असं वाटत राहिलं. राजनंदिनीनं बटण दाबलं.

सगळे पाटावरच्या प्रिंटरकडं बघत होते. तो ढिम्म.

"का गं निगंना?" भामाबाईंनी विचारलं.

राजनंदिनीनं परत एकदा दाबलं. शेफाली पडद्याकडं वाकली, तिचा चेहरा पडला आणि तिनं घाईनं छपाई थांबवली. तेवढ्यात खिडकीतून आनंदरावांचा आवाज आला.

"ताई, ह्यात एक येगळीच आलीया बगा. लग्नाची दिसतीया."

सगळ्या ओसरीवर गेल्या तेव्हा म्हातारा तो कागद दोन्ही हातांनी धरून उभा होता. दहाव्याचा पातळ पांढरा कागद, त्यावर काळा गणपती, काळे मोर, काळ्या अक्षरांत चि. सौ. कां. शेफाली. डोळ्यांपासून लांब धरून ते वाचत होते आणि वाचता वाचता, या चार दिवसांत पहिल्यांदाच असेल, त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

"तुमच्या पोरीचं का? चांगलं झालं की. आंबवडं लई चांगलं गाव. आमच्या हिची मावशी व्हती तितं." आणि मग त्यांनी भामाबाईंचा चेहरा पाहिला.

भामाबाई दारातच थिजल्या होत्या. देवाची पत्रिका, पहिली, दहाव्याच्या प्रिंटरमधून निघालेली, दहाव्याच्या कागदावर, काळी, आणि ती सुतकी हातात. यापेक्षा जास्त अभद्र काही एका कागदाला करता येत असेल तर त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं. आनंदरावांना समजलं. जाणत्या माणसाला समजायला किती वेळ लागतो? त्यांनी कागद हळूच शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला, हात धोतराला पुसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

नूतननं त्यांच्या पत्रिकांचा गठ्ठा कागदात बांधून दिला. देताना तिच्या मनात आलं, तेरावं झालं की हे गृहस्थ पुढच्या कुठल्याही लग्नात पहिल्या रांगेत बसतील, अक्षता टाकतील, फेटाही बांधून घेतील, आणि कुणी हूं की चूं करणार नाही. बरंच आहे. त्यांचा काय दोष? हेही तिच्या मनात आलं ते वाऱ्यानं पान आत यावं तसं, आलं आणि पडून राहिलं. म्हातारा मान खाली घालून गल्लीच्या टोकाला वळला.

तो दिसेनासा होईपर्यंत भामाबाई थांबल्या. मग त्यांचा बांध फुटला.

"तुझ्यामुळं झालं ह्ये! तू बसली व्हतीस तितं. तुझा हात लागला, तवाच म्या समजायला पायजे व्हतं. आगं सोताच्या पोरीचं तरी बघायचं व्हतंस! आता ह्या पोरीचं काय वंगाळ झालं तर कुनाच्या तोंडाकडं बघू मी?"

"आत्याबाई, बटान म्या दाबलंय," राजनंदिनी रडवेली होऊन म्हणाली. "ताईंनी न्हाई."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं? आजपास्नं लग्न हुईस्तवर हिनं त्या मशिनीपुढं बसायचं न्हाई. आन् हळदीच्या येळला तर भाईर बी यायचं न्हाई, सांगून ठेवते."

शेफाली आईकडं बघत होती. तिच्या नजरेत सगळं स्पष्ट होतं. आता तरी बोल. आता जर चालतंय म्हणालीस, तर मग मला काही विचारायचंच राहणार नाही.

नूतननं टेबलावरचा कागद उचलला. काळा गणपती. तिला हा काळा गणपती नवा होता, पण हा कागद नवा नव्हता. याच प्रिंटरवर, याच कागदावर तिनं एक पत्रिका छापली होती. नाथाला जाऊन तीन दिवस झाले होते. पाहुणे भरलेले. कुणीतरी म्हणालं, पत्रिका काढायला पाहिजेत, आणि सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. घरात कॉम्प्युटर चालवणारा तर तिरडीवरून गेला होता. मग सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं खुर्चीत बसून नवऱ्याच्या नावाआधी कै. लिहिलं. फोटो निवडला, शेफालीच्या वाढदिवसाचा, त्यातली केकची सुरी कापून टाकली. आणि बटण दाबलं. तेव्हा ती जी बधिर झाली ती आजपर्यंत.

"आत्याबाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ह्यांच्या दहाव्याच्या पत्रिका कुनी छापल्या?"

भामाबाईंची नजर तिच्या हातातल्या कागदावर गेली.

"म्या छापल्या. तुमीच म्हनला, नूतन, तुला येतंय, तू काड. तवा कुनी न्हाई म्हनलं, बाईचा नवरा गेलाय, दुसऱ्या कुनाचा हात लावा. तवा माझा हात चालला. सगळ्यास्नी चालला. मंग माज्या पोरीच्या लग्नालाच का चालत न्हाई?"

ती ओरडली नाही. धाकट्या जावेनं तोंडावर पदर घेतला. दोन वर्षांत आईच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात शेफालीनं ऐकली नव्हती.

भामाबाई ओसरीच्या कडेला बसल्या, मघाशी आनंदराव बसले होते तिथंच. नवं लुगडं धुळीला लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्याच म्हनले. माझ्या पोटचा गेला व्हता, मला सुचत नव्हतं काय. तुझ्या मनाला काय झालं आसंल, त्ये बी न्हाई सुचलं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मला भ्या वाटतं गं. दुसरं काय न्हाई. नाथा आसा हासत हासत गेला सकाळी. आता ही एकच हाय त्याची."

गल्लीतून कुणाचा तरी टेम्पो गेला.

मग भामाबाई उठल्या, आत आल्या, देव्हाऱ्यातल्या खंडोबाला हात जोडले आणि नूतनकडं न बघता म्हणाल्या, "जा. बस त्या खुर्चीत. तूच दाब बटान. हळद बी तूच लाव. काय व्हायचं त्ये व्हईल."

शेफालीनं आईचा दंड धरला, जवळजवळ ओढतच तिला खुर्चीत बसवलं. पोरगी हसत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. राजनंदिनीनं तर आनंदानं हळदी-कुंकवाची वाटी आणून नूतनच्या हाताशी ठेवली. पडद्यावर पत्रिका होती, लाल, पिवळी, मोरांची. शेफालीनं स्वतः छपाईची चौकट उघडली, आतला निवडला आणि मागं सरली.

"दाब आई."

नूतननं माऊसवर हात ठेवला. आता काहीच आड नव्हतं. म्हातारीनं जा म्हटलं होतं, जाऊ हसत होती, पोरगी मागं उभी होती. एक बोट खाली दाबायचं. बाकीच्या पत्रिका नंतर, हळद नंतर, पण सुरुवात ही होती.

काय व्हायचं त्ये व्हईल.

ते शब्द तिच्या कानात राहिले होते. काय व्हईल? तिच्यासमोर विहिरीवरचा स्टार्टर आला, कुरतडलेली वायर, चिखलात पडलेली चप्पल. मग तिथं नाथाच्या जागी दुसरा चेहरा आला, शिरवळच्या कारखान्यातल्या त्या पोराचा, जो पोहे खायचं सोडून कॉम्प्युटरकडं बघत होता. मग तो चेहराही गेला आणि शेफाली दिसली, कोऱ्या कपाळाची, बाहेरच्या प्रिंटरपुढं बसलेली. आणि मघाशी उंबऱ्यात आपण गप्प बसलो होतो, राजी थांब म्हणालो नव्हतो, हे तिला आठवलं. इतक्या दिवसांनी तिला काही वाटत होतं, आणि जे वाटत होतं ती नुसती भीती होती. बधिर पाय जागा होताना जसा टोचतो तसं तिला अंगभर टोचत होतं.

हे सगळं खोटं आहे, तिला माहीत होतं. प्रिंटरला काय कळतंय, हाताला काय चिकटलेलं असतंय. दुसऱ्या कुणाची पत्रिका असती तर तिनं खुशाल दाबलं असतं. पण ही शेफालीची होती. आणि समजा, समजा हजारात एकदा म्हातारीचं खरं असलं तर?

"आई?" शेफाली म्हणाली.

नूतननं बोट उचललं. हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवला. खुर्चीतून उठली.

"राजी," ती म्हणाली, "ये गं. तूच दाब."

राजनंदिनी जागची हलेना. भामाबाईंनी देव्हाऱ्यापुढून मान वळवली, त्यांच्या तोंडावर समाधान नव्हतं, उलट कुणीतरी मारल्यासारखा चेहरा झाला होता. "आगं, म्या म्हनले न्हवं तुला, दाब म्हनून," त्या पुटपुटल्या.

"नगं आत्याबाई. तिलाच दाबू द्या."

शेवटी राजनंदिनी आली आणि तिनं खाली बघत बटण दाबलं. पाटावरचा प्रिंटर या वेळी लगेच चालू झाला. पहिली पत्रिका निघाली, देखणी, एकही डाग नाही, गणपती लालभडक. भामाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि देवापुढं ठेवली. मागोमाग दुसरी निघाली, तिसरी निघाली. नूतन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली होती. तिथपर्यंत कसे पाय चालत गेले ते तिला कळलंही नाही.

शेफाली तिच्याजवळ आली. पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती.

"म्हंजे तुला बी तसंच वाटतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "आजीसारखं."

नाही म्हण, नूतन स्वतःला सांगत होती, नाही म्हण.

"मंग हळद काकीच लावंल," शेफाली म्हणाली, आणि पत्रिकांच्या कोपऱ्यांना कुंकू लावायला आत निघून गेली.